उजवा गाल

मास्तरांनी आयुष्यभर लोकांची व्यंगं झाकली. कुणाचा एक खांदा उतरता असला की आत पॅडचा जादा थर, कुणाचं पोट सुटलेलं असलं की बेतताना तिथे जरा सैल हात. गिऱ्हाईक आरशात बघून खूश. शिंप्याचं कामच ते. त्यामुळे उतारवयात फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा तिथेही ते हेच करायला गेले, यात नवल काही नव्हतं.

खुळाला कारण बायको. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. पुढे बरीच सुधारली, पण गाल ओघळलेलाच राहिला, ओठ वाकडा झाला आणि उजवी पापणी पुरती मिटेना. तेव्हापासून कुणी कॅमेरा काढला, की ही बाई "आणा इकडे, मीच काढते तुमचा" म्हणत पलीकडे जाऊन उभी राहायची. परगावी राहणारी लेक दर फोनवर आईचा फोटो मागायची आणि आई विषय बदलायची. मास्तरांच्या जिवाला ते फार लागायचं. तिचा एक तरी फोटो, तिच्या राजीखुशीने काढलेला, त्यांना हवा होता.

म्हणून त्यांनी जुना कॅमेरा, फ्लॅश, त्याचं स्टँड आणि पांढरी छत्री पैदा केली. सरावाला दुकानातला पुतळा होताच. त्याला डोकं नव्हतं, म्हणून वर भोपळा बसवला. समोरून फ्लॅश मारला तर भोपळा चपटा दिसला आणि मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. मग व्हिडिओ बघून बघून कळलं, की दिवा बाजूने आणि थोडा वरून हवा. छत्रीतून आला की प्रकाश मऊ पडतो, आणि छत्री जवळ आणली की आणखी मऊ. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की सावली उजळते, काळं कापड लावलं की गडद होते. हे शेवटचं कळलं तेव्हा मास्तर मनातून हरखले.

रविवारी दुकान बंद ठेवून त्यांनी बायकोला गळ घातली.

"भोपळा संपला वाटतं?" असं म्हणत, का-कू करत ती अखेर स्टुलावर बसली.

मास्तरांनी दिवा तिच्या डाव्या हाताला ठेवला आणि उजवीकडे काळं अस्तर टांगलं. बटण दाबलं. फोटो असा उतरला की त्यांचेच डोळे भरून आले. डावा गाल उजळ, डोळ्यात चमक, उजवी बाजू अंधारात अलगद विरलेली.

बायकोने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "छान आहे. पण अर्धीच आहे."

"अगं, ती पद्धतच आहे तशी."

"काळं कापड टांगताना पाहिलं मी. तुमच्या दुकानात उगाच का बसले इतकी वर्षं?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मास्तरांना जड गेलं. "जेवायलासुद्धा दोन वर्षं माझ्या डावीकडेच बसता तुम्ही. लोकांनी बघू नये म्हणून मी लपते हो. पण तुम्हालाही बघवत नाही?"

मास्तर खाली बसले. जेवायला कुठे बसतो हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि आता ते नाकारताही येईना.

"बघवत नाही असं नाही गं," ते कसंबसं म्हणाले. "ती सकाळ आठवते. तू बोलत होतीस आणि मला एक शब्द कळत नव्हता. वाटलं, गेलीस तू. त्या बाजूला बघितलं की अजून हातपाय गार पडतात."

बायको स्टुलावरून पुढे वाकली. मग पदराने त्यांचं नाक पुसत म्हणाली, "गेले नाही ना? आहे ना इथेच? मग बघा की नीट."

मास्तर उठले. अस्तर काढून घडी घातली. दिवा उचलून उजवीकडे आणला, छत्री गालाच्या जवळ झुकवली आणि डावीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला. मग कॅमेऱ्यातून पाहिलं. ओघळलेला गाल होता, वाकडा ओठ होता, न मिटणारा डोळा होता. ते बघतच राहिले.

"दाबा की! मान अवघडली माझी."

"थांब गं जरा. बघू दे."

बटण दाबलं तेव्हा नेमकी तिची डावी पापणी मिटली. उजवी कसली मिटतेय! फोटोत बाईसाहेब चक्क डोळा मारत होत्या. मास्तरांना हसू आवरेना. पडदा बघून तीही हसली, एकाच बाजूने, पण पोटभर.

"हाच पाठवा लेकीला," ती म्हणाली.

"अगं, एक डोळा मिटलाय. दुसरा काढतो ना."

"मिटू दे. दोन्ही गाल आलेत ना!"