गूळपाणी

कुंडलच्या राजेश्वरीनं मॅरेथॉनमध्ये देशात दुसरा नंबर काढला, तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. फोटो नव्हता. तरी ती सांगलीत कृष्णाकाठच्या रस्त्यानं सरावाला येते, तेव्हा आम्ही तिघंचौघं सकाळी तिथं उभे असतो. धुक्यातून आधी पावलांचा आवाज येतो, मग ती येते, जमिनीला जेमतेम टेकत.

दमून आलेल्याला आपण गूळपाणी देतो. म्हणून मी रोज तांब्या आणि गुळाचा खडा न्यायचो आणि तसाच परत आणायचो. ग्रंथालयात जन्म गेलेल्या माणसानं तिची लय का मोडावी?

"आवं, द्या की आज," भाजीवाल्या बनुबाई म्हणाल्या. "गूळ इरघळाय लागला हातात."

"उद्या बघू," मी म्हणालो.

तेवढ्यात राजेश्वरी आमच्यासमोरून गेली, धुक्यात थांबली आणि परत आली.

"आजोबा, म्हैना झाला बघतीय. रोज तांब्या आणताय आन् माघारी नेताय."

मी गूळ आणि तांब्या पुढं केला. "तुझी वेळ मोडली, पोरी."

"मोडू दे की." ती घटाघटा पाणी प्यायली. "उद्या पुलापाशी उभं ऱ्हावा. तितं लय तहान लागती."