तळाशी लाल ठिपका

बागेत शेगडी पेटवायची आणि सगळ्या इमारतीनं एकत्र जेवायचं, एवढाच तो बेत. पण त्याआधी वहिनींच्या हॉलमध्ये दीड तास वादावादी झाली, आणि कशावरून म्हणाल, तर ट्रेवरून! भाजलेलं वाढायला ट्रे कसले घ्यायचे?

"प्लॅस्टिकचे मुळीच नकोत," पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी कुणीतरी निखाऱ्याजवळ ठेवला आणि पार वितळला. त्यातलं कोंबडीचं तंगडं नेमकं माझ्या वाट्याला. ती चव अजून जात नाही तोंडातून."

"मग लाकडी घ्या की, दिसायला झकास!" चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले.

"लाकूड तेल पितं, पाण्यानं फुगतं. तुमचं काय जातंय, झकास म्हणायचं आणि जेवून घरी जायचं!" डॉक्टरीणबाई फणकारल्या.

शेवटी वहिनींनीच निकाल दिला. वहिनी म्हणजे इमारतीच्या सेक्रेटरी. दिवसभर त्या एका कार्यालयात नोकरी करायच्या आणि उरलेल्या वेळात इमारत चालवायच्या. शब्दाला वजन होतं बाईंच्या.

"स्टीलचे घेऊ. खोलगट, म्हणजे रस सांडणार नाही. दोन्ही बाजूंना कड्या, म्हणजे हात भाजणार नाहीत. सहा आपल्याला आणि दोन... ते दुसरे."

"हो हो, दोन दुसरे," सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसरे म्हणजे कसले, हे एकानंही विचारलं नाही. मंडळी, तुम्हालाही विचारावंसं वाटलं नाही ना? वाटणारच नाही. वॉचमन, माळी आणि घरकामाच्या बायका यांच्यासाठीचे ते दोन. न सांगता कळलं आपल्याला! इतकं हे आपल्या अंगवळणी पडलंय.

शनिवारी वहिनी भांड्यांच्या दुकानात गेल्या. तिथं त्यांना हवे तसेच ट्रे मिळाले, पण आठाचा संच, आठही अगदी एकसारखे.

"यातले दोन जरा साधे मिळतील का? हलके?" वहिनींनी विचारलं.

"बाई, संच फोडत नाही आम्ही," दुकानदार म्हणाला. "आणि साधे कशाला? खाणाऱ्यांची तोंडं वेगळी आहेत का?"

वहिनी हसल्या आणि संच घेऊन घरी आल्या. आता आली पंचाईत. ओळखायचे कसे? दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली काढली, दोन ट्रे पालथे केले आणि प्रत्येकाच्या तळाशी, मधोमध, एकेक ठिपका लावला. वर नाही हं, खाली! का, तर बिचाऱ्यांना दिसायला नको. उगाच कुणाचं मन दुखवा कशाला? खरं सांगतो, त्या वेळी वहिनींना स्वतःच्या चांगुलपणाचं कौतुकच वाटलं होतं.

आता या घरातल्या मावशींबद्दल सांगायला हवं. नऊ वर्षं त्या वहिनींकडे कामाला होत्या. केर, फरशी, भांडी हे तर होतंच. पण दोन वर्षांपासून सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते. घास तोंडापर्यंत येईतो निम्मा सांडायचा. तेव्हापासून मावशी त्यांना भरवत होत्या, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी. वहिनींनी मध्ये दोनदा शिकलेली नर्स आणून बघितली. दोन्ही वेळा सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं. "तिला बोलवा," एवढंच त्या म्हणायच्या. मावशी आल्या की लहान मुलीसारखा आ करायच्या. मावशी होत्या म्हणून म्हातारीच्या पोटात अन्न जात होतं आणि वहिनी निर्धास्तपणे कार्यालयात जात होत्या. यात तसूभरही अतिशयोक्ती नाही.

नवीन ट्रे वापरण्याआधी घासायला कुणाकडे गेले? मावशींकडेच की! त्यांनी आठही घासले आणि गॅलरीत उन्हात पालथे घातले. वहिनी तिथून गेल्या, त्यांनी तळ पाहिले आणि मनात म्हणाल्या, बरं झालं, ठिपके घासण्यात निघाले नाहीत. शेजारी ओल्या हातांनी मावशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला बागेत शेगड्या पेटल्या. मक्याची कणसं, बटाटे, ढोबळी मिरची, मासे, कोंबडी, सगळं निखाऱ्यांवर चरचरत होतं. काका चिमटा घेऊन मिरवत होते आणि दर दोन मिनिटांनी स्वतःचीच बोटं फुंकत होते. इमारतीची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. कामाची माणसं बागेच्या कडेच्या कट्ट्यावर. वहिनींनी दोन ट्रे काठोकाठ भरले, जरा उचलून तळ चोरून तपासले आणि स्वतः नेऊन कट्ट्यावर ठेवले.

"पोटभर खा बरं का! लाजू नका," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

दहा मिनिटांनी पाहतात तर ट्रे जसेच्या तसे. वॉचमन आभाळाकडे बघतोय, माळी गवत उपटतोय. एका कणसालाही हात लागलेला नाही.

"अहो, गार होतंय! मावशी, तुम्ही तरी सुरुवात करा."

"भूक नाही, वहिनी."

"बरं, मग आधी आईंना भरवून घ्या. त्यांची वेळ झाली." वहिनींनी चाकाच्या खुर्चीतल्या सासूबाईंपुढे मऊ बटाट्यांची ताटली धरली.

मावशी उठल्या. सासूबाईंजवळ आल्या. सासूबाईंनी सवयीनं तोंड उघडलं. आणि मावशींनी हात मागे बांधले.

"नाही आजी. आज मी भरवणार नाही. माझ्या हातचं चालतं का, ते आधी वहिनींना विचारा."

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. वहिनींना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"मावशी! काय बोलताय हे?"

"तुमचे ट्रे मी घासले, वहिनी. आठही पालथे घातले. त्यातल्या दोन ट्रेंच्या तळाला लाल ठिपका होता. तेच दोन आता कट्ट्यावर आलेत. मी सगळ्यांना सांगितलंय ते."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. कुणाला दिसू नये म्हणून ठिपका तळाला लावला, आणि तळ कोण बघतं? घासणारं माणूस! ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच हातात तो नेऊन दिला होता. हे एवढंसं त्या हुशार बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अहो, ते... ते फक्त ओळखायला," वहिनी चाचरल्या.

"काय ओळखायला?"

वहिनींच्या मदतीला काका धावले, चिमट्यासकट. "मावशी, मनाला लावून घेऊ नका. यात दुजाभाव वगैरे काही नाही. स्वच्छतेचा प्रश्न असतो."

"काका," मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडचीही भांडी मीच घासते."

काकांनी चिमटा खाली केला. डॉक्टरीणबाई मान खाली घालून म्हणाल्या, "स्वच्छतेचं नाव काढू नका हो. डॉक्टर मी आहे. मला चांगलं ठाऊक आहे की याचा स्वच्छतेशी काडीचा संबंध नाही. तरी परवा मीही मान डोलावलीच."

"मावशी, पण तुमचा चहाचा कप घरी वेगळाच असतो ना!" वहिनींच्या तोंडून निघून गेलं. "नऊ वर्षांत तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मग आजच का?"

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. कान तुटलेला तो कप खिडकीत पालथा असायचा. तो त्यांनी आत्ता सगळ्या इमारतीसमोर मांडला होता.

"तो कप तुमच्या लग्नाआधीपासूनचा आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईचाही तोच होता. मी म्हटलं, जुनी रीत आहे, घरात चालत आलीय, वहिनींचा काय दोष? तसं समजून रोज प्यायले. पण हा ठिपका जुना नाही, वहिनी. हा तुम्ही काल लावलात. बाटली उघडलीत, ब्रश घेतलात, विचार करून लावलात. आता मी कुणाला दोष देऊ?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "महिना पुरा करते. मग दुसरं कुणीतरी बघा."

आता वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली. मावशी गेल्या तर आईंच्या तोंडात घास कुणी घालायचा? त्यांनी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई मावशींकडे बघत होत्या. थरथरता हात त्यांनी कसाबसा वर केला.

"अगं, इकडे ये," त्या सुनेला म्हणाल्या. जीभ जड होती, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "तो कप मी ठेवला होता. माझ्या सासूनं मला शिकवलं आणि मी तुला. कधी विचारच केला नाही. पापच म्हण ते माझं. पण मला एक सांग. हिचा हात दिवसातून तीनदा माझ्या तोंडात जातो. बोटं ओठांना लागतात. सांडलेलं ती माझ्या हनुवटीवरून पुसते आणि परत भरवते. त्या बोटांना ठिपका कुठं लावलास गं तू?"

अरे देवा! वहिनी मटकन खाली बसल्या, तिथंच गवतावर. इतकं उघड होतं आणि दिसलं कसं नाही? ज्या हातचं आईंना चालतं, तो हात आपल्या ट्रेला चालू नये! हा कुठला हिशेब? शिकलेली बाई मी, इमारत चालवते, आणि मी नेलपॉलिशनं माणसं वेगळी काढत बसले! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना.

थोड्या वेळानं मावशी कट्ट्यावर परतल्या. वहिनीही उठल्या. कट्ट्यावर मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि ठिपक्याच्या ट्रेमधला गार झालेला बटाटा उचलून खाल्ला. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. काकाही आले. माळ्यानं सरकून त्यांना जागा दिली.

"माझं चुकलं, मावशी," वहिनी म्हणाल्या. "मला माफ करा."

मावशींनी लगेच हसून जवळ घेतलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही.

"एक संध्याकाळ शेजारी बसायला काही लागत नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी बघू." मग त्या उठल्या आणि त्यांनी सासूबाईंना बटाटा भरवला. "तुमच्यावर राग नाही, आजी. उपाशी नाही ठेवणार तुम्हाला."

सोमवारी सकाळी आठला बेल वाजली. मावशी आल्या होत्या. वहिनींनी त्या दिवशी कार्यालयात सुट्टी टाकली होती. त्यांनी चहा केला, पाहुण्यांसाठी काढतात त्या संचातल्या तीन कपांत ओतला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. एक सासूबाईंचा, एक स्वतःचा, एक मावशींचा.

"बसा, मावशी."

"मी उभीच बरी."

"हुकूम नाही करत. विनंती करतेय. बसा."

मावशी खुर्चीजवळ आल्या. मग पदर सावरून अगदी कडेला टेकल्या. खुर्ची एका बाजूला कलली. मावशींनी टेबल धरलं, खुर्चीचे पाय चाचपले, आणि चकित होऊन वहिनींकडे पाहिलं.

"ही खुर्ची डगमगते हो, वहिनी!"

"अहो, कधीपासून! तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नऊ वर्षं रोज पुसते," मावशी म्हणाल्या. "बसले आज पहिल्यांदा."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. या वेळी त्यांना रडू आलं. सासूबाई मान हलवत राहिल्या. मावशींनी चहा संपवला आणि काम सोडायचं की राहायचं, ते महिनाअखेरीला सांगते म्हणाल्या. तो हक्क त्यांचा होता आणि वहिनींनी तो मुकाट्यानं मान्य केला.

मंडळी, आपल्या मनात भेदभाव नाही असं आपण सगळेच छातीठोक सांगतो. मीही सांगत होतो. पण भेदभाव मनात शोधून सापडत नाही, तो घरातल्या कपात, ताटलीत आणि बसायच्या जागेत असतो. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. ज्यांच्या हातांवर तुमचं घर चालतं, त्यांना तुमच्या घरातली कुठली खुर्ची डगमगते ते विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर आधी त्यांना बसायला सांगा आणि मग चहा टाका.