झळ लागू नये म्हणून

दवाखान्यातून आल्यापासून आशाबाई अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत एकट्याच राहत होत्या. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट वेगळी. शिरड शहापुरात तोंडाला विषय म्हणून एवढं पुष्कळ झालं. शेजारणी फाटकातूनच विचारायच्या, "काहून वो, या वयात बाहेर बसलाव का?" आणि स्वतःच खो खो हसायच्या. आशाबाईंच्या अंगात हसायचंही त्राण नव्हतं. गळ्याची गाठ काढली तेव्हापासून आवाज बसलेला. त्यात दवाखान्यात दिलेल्या नव्या औषधासाठी गळ्याच्या रोजच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवल्या होत्या. बसलं की उठावंसं वाटेना, निजलं की कूस बदलावीशी वाटेना. असलं थकणं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

गाठ साधी नव्हती, कॅन्सरची होती. गावाला मात्र नुसती 'गाठ' ठाऊक, आणि त्यांच्या लेकीला, पुनमला, तर तेवढंही धड सांगितलेलं नव्हतं. ती आखाडा बाळापूरला सासरी. सातवा महिना चाललेला. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. "तिला काई कळू देऊ नका, धसका घेईल," असं आशाबाईंच्या नवऱ्यानं, ग्यानबांनी, घरात बजावून ठेवलं होतं. मोठे शहाणे!

खरं काय ते बाहेरच्यांपैकी एकट्या उकंडराव मास्तरांना माहीत, कारण दवाखान्याचा कागद ग्यानबांनी त्यांनाच दाखवला होता. मास्तर रिटायर झाले, पण शिकवायची खोड काही रिटायर झाली नाही. सकाळी फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी वर्गच भरवला.

"वहिनी, डॉक्टरनं तुमचं केलं ना, त्याला ॲब्लेशन म्हणतेत. कापून जे उरलं ते औषधानं जाळायचं. आता आभाळातून यान खाली येतं, त्याचं वरचं कवच जळून झडतं अन् आतली माणसं वाचतेत. तेबी ॲब्लेशनच! अन् लॅटिन व्याकरणात त्याच घराण्यातली विभक्ती हाय बघा, ॲब्लेटिव्ह. आपल्या पंचमीसारखी. घरातून, गावाहून. एकापासून दुसरं सुटलं की पंचमी."

"मास्तर," आशाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जळून माझं काय उरलं, ते कोणी सांगंना. मला निजू द्या."

मास्तर ओशाळले आणि गुपचूप वाटेला लागले.

त्या मोठमोठ्या अर्थांशी आशाबाईंना काय करायचं होतं? डॉक्टरनं घोळून घोळून सांगितलेली एकच गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवली होती. औषधाची किरणं अंगातून बाहेर पडत राहतात. पंधरा दिवस गरोदर बाई आणि लहान लेकरू जवळ येऊ द्यायचं नाही.

दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं. सगळे हळद शिजवायला शेतात गेलेले. फाटक वाजलं म्हणून आशाबाईंनी डोळे उघडले, तर दारात पुनम! हातात डबा, पोट पुढं आलेलं, घामाघूम. कोणा शेजारणीनं फोनवर चहाडी केली असणार.

"माय गं! किती वाळलीस!" म्हणत ती तरातरा अंगणात शिरली.

"थांब," आशाबाई ओरडल्या, पण घशातून नुसती हवा आली. दार लावायला उठेपर्यंत पोरगी गळ्यात पडली असती. हाताशी तांब्या होता, तोच त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावला. तांब्या पुनमच्या पायांपुढं आदळला, पाणी तिच्या लुगड्यावर उडालं. ती जागच्या जागी थिजली.

"मी काय केलं गं?" तिनं विचारलं. "भेटायला आले तर कुत्र्यावानी हाकलतीस?"

काहीतरी तोडून बोललं असतं तर पोरगी रडत माघारी गेली असती, काम भागलं असतं. पण लपवून लपवून आशाबाई विटल्या होत्या. त्यांना आता खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

"कॅन्सर व्हता," त्या म्हणाल्या. "काढला. राहिलेला जाळायचं औषध अजून माझ्या अंगात हाय, त्याची किरणं निघून राहिलीत. तुझ्या पोटातल्याला बाधतील. पुढं येऊ नको बाई, पाया पडते तुझ्या."

"अन् मला कोणीच सांगितलं न्हाई?"

"तुझ्यासाठीच न्हाई सांगितलं."

"बरी व्हशील ना, माय?"

"व्हईन म्हणतेत."

पुनम तिथंच उभी. आशाबाईंना वाटलं, लहानपणापासूनची हट्टी कार्टी ही, आता काही ऐकायची नाही, धावत येऊन बिलगणार. त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. पुनमनं डबा हळूच खाली ठेवला. दोन्ही हात पोटावर घेतले. आणि एक पाऊल मागं सरली. मग आणखी एक. तशीच मागं मागं फाटकापर्यंत गेली.

हवं होतं तेच झालं, तरी आशाबाईंच्या काळजात चर्र झालं. पोटच्या पोरीनं त्यांना भिऊन पाऊल मागं घेतलं होतं. फाटकाला टेकून पुनम आता हमसून हमसून रडत होती, पण पोटावरचे हात तिनं काढले नव्हते.

"शाबास गं माझे बाई," आशाबाई पुटपुटल्या. तिथवर ऐकू जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.