नामा मिस्त्रीच्या कानाजवळची जागा

मी पेचकस आहे, पण मला साधासुधा समजू नका. हातभर लांब, लाकडी मुठीचा, मुरबाड-म्हसा रस्त्यावरच्या नामा मिस्त्रीच्या गॅरेजमधला. बाकीच्या पेचकसांनी खुशाल स्क्रू फिरवावेत. मला नामा कानाला लावायचा. चालू इंजिनवर माझं टोक टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. आतली बारीकशी खडखडसुद्धा माझ्या अंगातून थेट त्याच्या कानात जायची.

म्हशाच्या जत्रेत, लोखंडी सामानाच्या पालावर त्याने मला निवडलं. तेव्हापासून तो माझ्याशिवाय कुठल्या गाडीचं बॉनेट लावत नसे. त्याची बायको संगीता चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या दांडक्याचं जास्त ऐकता तुमी." मला तेव्हा काय फुशारकी वाटायची!

मग गाड्या बदलल्या. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटायचा आणि तो का पेटला हे मलाही कळत नसे. अशात खर्डीचा रोशन मिस्त्री आला. शहापूर-मुरबाडच्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेची शाखा निघाली होती. सगळ्यांनी मिळून गाडीला जोडला की बिघाड काचेवर दाखवणारा एक स्कॅनर घेतला होता, एकट्यादुकट्याला न परवडणारा. तो आळीपाळीने सगळ्यांकडे फिरणार, शिवाय तो चालवायचं शिक्षणही मिळणार.

"आपली विद्या आपल्यापाशी," नामा म्हणाला. "सभेत बसून काय मिळनार रे?"

रोशन गेला. मी खूश झालो. त्याच्या हातातली ती पेटी मी पाहिली होती. आत मऊ गादी, गादीवर रबरी अंगरखा घातलेला, काचेच्या तोंडाचा स्कॅनर. लाडावलेलं ध्यान नुसतं! आम्ही डिझेलच्या घमेल्यात लोळावं आणि याने गादीवर?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अजयचा पिकअप आला. अजय मुरबाडहून भेंडी भरून कल्याणला न्यायचा. इंजिनातून खडखड येत होती. नामाने मला लावलं आणि मी स्वच्छ सांगितलं, पुढच्या पुलीचं बेअरिंग गेलंय. नामाने डोळे मिटले, मान हलवली आणि सरळ इंजिनचं हेड खोललं!

आत काहीच निघालं नाही. पुन्हा जोडलं तर खडखड तशीच.

"नामाशेठ, भेंडी सडली ना माझी घरात," अजय म्हणाला. "तुमाला नाय जमत तर सांगायचं तसं." गाडी ओढून तो शहापूरला घेऊन गेला. गोष्ट गावभर झाली. हळूहळू शेडसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या. संगीता रोज झाडून घ्यायची आणि दोघं रस्त्याकडे बघत बसायचे. गॅरेज बंद करून कंपनीत वॉचमन म्हणून जायचं बोलणंही निघालं.

मी मात्र रागाने धुमसत होतो. नामाचं माझ्यावरचं मन उडालं, त्या पेटीवाल्याने त्याला भुलवलं, असंच मी धरून चाललो होतो. त्यात संगीताच्या आग्रहामुळे तो आटगावला संघटनेच्या सभेला निघाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. सवयीने त्याने मला पिशवीत टाकलं होतं.

सभेत नामा उभा राहिला. मग म्हणाला, "मला ऐकू येत नाय. लय दिवस झाले. अंदाजानं काम करतो मी."

पिशवीत मी गार पडलो. म्हणजे मी बोलत होतो आणि त्याला काहीच पोचत नव्हतं!

कोणी हसलं नाही. रोशन म्हणाला, "माझा पन डावा गेलाय, नामाभाऊ. पत्रा ठोकून ठोकून. आपल्यात निम्म्यांचं हेच हाय." पुढच्या महिन्यात शाखेने कानतपासणी ठेवली. स्कॅनर कसा वाचायचा ते संगीताही शिकून आली.

आता दर गुरुवारी रोशन स्कॅनर घेऊन येतो. संगीता काचेवरचं वाचते, नामा दुरुस्ती करतो, शेडसमोर गाड्या लागतात. जिथे काचेला काही दिसत नाही तिथे रोशन मला स्वतःच्या उजव्या कानाला लावतो. परका कान! मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा नामा शेजारी उभा होता. त्याने मोठ्याने विचारलं, "काय बोलतो रे तो?"

"बेअरिंग गेलं म्हनतो!"

"मग गेलंच असंल," नामा म्हणाला. "तो कधी खोटं बोलला नाय."

माझं मन नामावरच आहे, म्हणून जळतोही तितकाच. गुरुवार उजाडला की माझ्या पोटात दुखतं. त्या गादीवाल्याचं तोंड बघावं लागणार. पण मागच्या आठवड्यात रोशनला काही काम निघालं आणि तो आला नाही. दोन गाड्या तशाच परत गेल्या. नामा संध्याकाळपर्यंत खुर्ची रस्त्याकडे करून बसला होता.

येत जा रे गादीवाल्या वेळेवर. मी जळत राहीन, ते माझं मी बघून घेईन. पण तू ये.