मुक्या सौद्यातलं मीठ

मित्रांनो, त्या शुक्रवारी शारजाच्या अल मजाजमधल्या एका फ्लॅटमध्ये आमटी अळणी झाली होती. मी टेबलावरच होतो. मी एक जुना मिठाचा तुकडा आहे, विटेएवढा, करडा. आमटीत घालायचा नव्हे, नुसता बघायचा.

"बाबा, मीठ द्या ना," शुभ्रा म्हणाली.

सुरेशरावांनी मिठाची वाटी तिच्यापुढे टेबलावर ठेवली. "हातात देऊ नये. भांडण होतं."

"भांडायला आधी बोलावं लागतं, बाबा."

"मग आपलं बरं चाललंय. मुका सौदा." शाळेत इतिहास शिकवणाऱ्या सुरेशरावांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्या भावंडांनी त्यावर साम्राज्य उभं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

ते म्हणाले ते खरं होतं. मी सहारा वाळवंटातल्या तघाझाच्या खाणीतला. तिथे घरांच्या भिंतीसुद्धा मिठाच्या; मी अशाच एका भिंतीत होतो. माझी भावंडं उंटांवरून दक्षिणेला गेली. तिकडे सोनं होतं, मीठ नव्हतं. वाटेत वागाडूचं राज्य होतं. लोक त्याला घाना म्हणत. आजच्या घाना देशाहून ते वेगळं. राजाने मिठावर कर बसवला, सैन्य वाढवलं, आणि पुढे त्याच्या दरबारातल्या कुत्र्यांच्या गळ्यातही सोन्याचे पट्टे आले.

सोनं आणणाऱ्यांना मात्र कोणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. व्यापारी नदीकाठी मीठ मांडत, नगारा वाजवत आणि दूर जात. परत येत तेव्हा मिठाशेजारी सोनं असे. कमी वाटलं तर त्याला हात न लावता पुन्हा मागे सरत. पलीकडचे, जे कधी दिसत नसत, ते आणखी सोनं ठेवून जात. पटलं की व्यापारी सोनं उचलून निघत; हाच मुका सौदा.

मग तघाझा ओस पडलं. कित्येक शतकांनी सुरेशरावांच्या शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या, माली देशातल्या मरियम मॅडमनी मला इथे आणलं. सहावीच्या मुलांनी मला चोरून चाटून पाहिलं. तेच माझे कौतुकाचे दिवस; मग सुरेशरावांनी मला घरी आणून टेबलावर ठेवलं.

या घरात मुका सौदा दोन वर्षं चालला होता. शुभ्राची आई, विभावरीताई, हॉस्पिटलमध्ये वारली तेव्हा शुभ्रा वेळेवर पोहोचली नाही. "बॅटरी संपली होती," एवढंच ती म्हणाली. सुरेशरावांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून ते तिचा डबा ओट्यावर ठेवत; ती त्यांच्या गोळ्या टेबलावर ठेवी.

आता ते गेले. एसी बंद, ऑगस्टची दमट हवा. मला पाणी सुटलं.

घर रिकामं करता करता शुभ्राने माझ्याशेजारी चहाचा कप ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. परत आली. चहा तसाच, साय धरलेला. तिने त्यांचा चष्मा ठेवला, पुन्हा मागे सरली. मग घड्याळ. खिडक्या बंद होत्या, पडदा हलत नव्हता. तरी समोरच्या खुर्चीपाशी हवा जड झाली होती. तिथे कोणी होतं का, मला सांगता येणार नाही. पण नदीकाठचा नियम मला ठाऊक आहे. कशालाच हात लागला नाही, म्हणजे सौदा पटलेला नाही.

मित्रांनो, जुनं मीठ जपायचं असेल तर ते कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. माझी एक कड तेवढ्या वेळात विरघळून टेबलावरून खाली ठिबकू लागली होती. आणि माणसांशी मुका सौदा करू नका. तो मिठाला शोभतो.

शुभ्रा या वेळी मागे सरली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

"बाबा, बॅटरी संपली नव्हती. तुमचा कॉल मी पाहिला होता. मीटिंग चालू होती, म्हणून मी तो कट केला."