दोन बोटांचं अंतर

मित्रांनो, मी अंबाडीचा एक जुना दोर आहे. लांबी जेमतेम दीड हात. एटापल्लीकडच्या एका गावात सोमारीनं मला मांडीवर वळलं. एक पीळ गाण्याचा, एक काळजीचा. काळजी नवऱ्याची. तिचा लालसू दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत पैसे घेऊन कुस्त्या खेळायचा.

ती कुस्ती जोडीची. एकजण आत लढे. जोडीदार बाहेर कोपऱ्यात, खांबाला बांधलेल्या मला धरून उभा राही. दमलेल्यानं येऊन त्याच्या हाताला हात लावला, तरच तो आत शिरे. मला सोडून हात पुढे केला तर डाव बाद. लालसूचा जोडीदार मूल गावचा गोपाल. भोंग्यावर ‘ढाण्या-अस्वलाची जोडी’ असा पुकारा झाला की लोक उभे राहत. नऊ हंगाम मी त्या दोघांचा घाम प्यालो.

मग धानोऱ्याची मोठी लढत आली. गोपाल फुटलाय, असं कोणीतरी लालसूच्या कानात घातलं होतं. ते मीही ऐकलं. लढतीत लालसू सरपटत कोपऱ्याशी आला, हात लांबवला, आणि दोन हातांमध्ये दोन बोटांचं अंतर उरलं. गोपालच्या मुठीत मी ताणून उभा होतो, तरी मला वाटलं, हाच मागे सरतोय. लालसूची पाठ टेकली. जोडी तिथंच मोडली. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

त्याच हंगामात लालसूचा गुडघा गेला, कुस्ती सुटली. अकरा वर्षं मी त्याच्या अंगणाच्या फाटकाला फास होऊन राहिलो. गोपालचं नाव निघालं की तो उठून जाई. मीही येणारा प्रत्येक हात निरखू लागलो: हा उघडायला आलाय की तोडायला?

परवा सडा घालताना सोमारीनं मला भिजवलं. नंतर फाटक लावू गेली, तर फास खांबावर चढेना.

"दोर वला झाला का आखडते," ती म्हणाली. मग बादली खाली ठेवून हळूच बोलली, "धानोऱ्याले मीच धुतला होता याले. लय वास मारे. वाळाले टाइमच भेटला नाई."

लालसू बराच वेळ मला बोटांनी मोजत राहिला. दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून एसटीनं मूलला गेला.

गोपाल राईस मिलच्या दारात पोती शिवत होता. त्यानं आधी मला पाहिलं.

"काऊन आला? आता कोणाले बांधतं?"

लालसूनं सगळं सांगितलं. टाक्यात मला भिजवून मोजून दाखवलं: दोन बोटं आखूड. गोपालची सुई थांबली.

"अकरा वर्ष मी समजलो, तूच हात मांगं घेतला," तो म्हणाला. "मले आत येऊ द्याचं नव्हतं तुले."

गोपालला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही. लालसूला ‘चुकलो’ दोनदा म्हणावं लागलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला धुतलंत तर पुरतं वाळू द्या. आणि कोणाचा हात तुमच्यापर्यंत पोचला नाही, तर त्याला त्याच दिवशी विचारा. भांडण झालं तरी चालेल.