अनीशने आणलेलं कार्ड

अनीशला आमच्या आर्याशी लग्न करायचं होतं. मुलगा गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आयुष्य ऑडिटमध्ये गेल्यावर माणूस असाच होतो.

आर्याचं अ‍ॅनिमेशनचं काम जुन्या कॉम्प्युटरवर अडत होतं, म्हणून त्याने स्वतःचं ग्राफिक्स कार्ड देऊ केलं. मी ठरवलं, शितावरून भाताची परीक्षा. कार्ड चाललं तर लग्नाला होकार, नाही तर नाही.

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटवर येऊन त्याने कॅबिनेट आडवं करून उघडलं, जुनं कार्ड काढलं आणि पॉवरची केबल आखूड पडते म्हणून सगळं तसंच उघडं ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी शस्त्रं म्हणजे सुरी, कात्री आणि कॉम्प्युटर. हळदकुंकू, अक्षता, फूल, मी सगळं यथासांग केलं.

दुपारी त्याने केबल आणून कार्ड बसवलं. कार्डाचा पंखा फिरला, पण कॉम्प्युटरला कार्ड दिसेना.

"माझ्याकडे चालत होतं, काकू."

"हो का?" खराब माल आमच्या गळ्यात मारतोय, दुसरं काय!

त्याने केबल बदलली, बायोस नावाचं काहीतरी अपडेट केलं. शेवटी आमचं जुनं कार्ड परत लावून पाहिलं. तेही दिसेना.

"म्हणजे आमचंही बिघडवलंस," मी म्हणाले. राग आला होता, आणि खरं सांगते, बरंही वाटत होतं.

"ममा, रिलॅक्स लाह!" आर्या तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली. तिचे डोळे भरले होते.

अनीशने कार्ड काढलं, ते बसायच्या स्लॉटवर टॉर्च मारला आणि चिमटा मागितला. काय लपवतोय ते बघायला मी त्याच्या खांद्यावरून डोकावले. चिमट्यात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा तुकडा होता.

माझीच सकाळची अक्षता! त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय होतं?" आर्याने विचारलं.

त्याने मूठ मिटली. "काही नाही गं. मीच नीट बसवलं नव्हतं."

त्याचं कार्ड लावल्याबरोबर दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सवय कुठली जाते? किती सफाईने खोटं बोलला! असल्या माणसावर कायमची नजर ठेवायला हवी, आणि ती घरात घेतल्याशिवाय कशी ठेवणार?

"अनीश," मी म्हणाले, "उद्या दसरा आहे. तुझ्या आईचा नंबर दे, मी बोलते त्यांच्याशी."